मंगळवारी झालेला डोंगर

सातवी 'ब'च्या पस्तीस मुलांसमोर माझी पार वाट लागली, ती सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी.

गिल्बर्ट हिल बघून आम्ही चालत शाळेकडे परत निघालो होतो. अंधेरीच्या इमारतींच्या गर्दीत उभा असलेला तो काळा कडा मुलांनी रोज रिक्षातून बघितला होता, पण तो तिथे कसा आला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. लाव्हा कसा वर आला, थंड होताना कसा आक्रसला, त्याला उभ्या भेगा कशा पडल्या आणि त्यातून ते खांब कसे तयार झाले. आणि मुलं ऐकत होती हो! चक्क ऐकत होती. माझं नोकरीचं दुसरंच वर्ष, त्यामुळे मला जरा चढलीच म्हणा ना.

गल्लीच्या वळणावर एका कारखान्याच्या भिंतीला टेकून पुरुषभर उंचीचा काळा खडक उभा होता. तसेच खांब, तशाच भेगा, वर हिरवट शेवाळ.

"थांबा सगळे!" मी हात वर केला. "हा बघा. हासुद्धा त्याच खडकाचा तुकडा. साडेसहा कोटी वर्षांचा आहे हा! माणूस नव्हता, मुंबई नव्हती, तेव्हापासून हा —"

"बाई, जरा सरकता का? टेम्पोत टाकायचाय."

मागे एक सावळा, उंच तरुण उभा होता. टीशर्ट पांढऱ्या भुकटीने माखलेला, कानावर पेन्सिल.

"टेम्पोत? आणि उचलणार कोण?"

त्याने खडकाखाली एक हात घातला... आणि माझा साडेसहा कोटी वर्षांचा खडक उचलून सरळ खांद्यावर घेतला.

पस्तीस मुलं अशी काही हसली की समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या.

"थर्माकोल आहे," तो ओशाळून म्हणाला. "वरून पीओपी आणि रंग. शूटिंगसाठी बनवतो आम्ही. साडेसहा कोटी नाही बाई... हा मंगळवारी झाला."

माझे कान तापले. पण मी हार मानणाऱ्यातली नाही. मी त्या खडकाभोवती एक फेरी मारली. त्यालाही माझ्याबरोबर गोल फिरावं लागलं, कारण खडक त्याच्या खांद्यावर होता.

"खांब चुकलेत तुमचे," मी म्हटलं.

"काय?"

"सगळे चौकोनी केलेत. खरे खांब बहुतेक पाच-सहा बाजूंचे असतात. लाव्हा थंड होताना भेगा तशाच पडतात. वर जाऊन मोजा हवं तर."

त्याने खडक खाली ठेवला. वाकून स्वतःच्या कामाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळे अगदी गंभीर... आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"नऊ वर्षं डोंगर बनवतोय," तो म्हणाला. "हे मला कुणी सांगितलंच नाही."

पुढच्या बुधवारी मधल्या सुट्टीत शिपाईमामा म्हणाले, "बाई, तुम्हाला भेटायला कुणी दगड घेऊन आलंय."

तोच होता. आज शर्ट धुतलेला, भांग पाडलेला. हातात वीतभर उंचीचा थर्माकोलचा कडा. त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला.

"मोजा."

मी मोजले. सहा बाजू. पुढचा पाच. मग सहा, सहा, आणि एक चक्क सात.

"सात पण आहे एक तिकडे," तो पटकन म्हणाला. "डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांवरून उजव्या हाताला. तीन दिवस जात होतो मी. पुजारी विचारायला लागले, नवस वगैरे बोललाय का."

मला हसू आवरेना. कुणीतरी माझं एक वाक्य ऐकून तीन दिवस डोंगराच्या बाजू मोजत बसतं... असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं.

त्याचं नाव सहदेव मेस्त्री. घरचे मूळ कुडाळकडचे, आजोबा गिरणीत सुतार होते, वडील स्टुडिओत सेट उभारायचे, आता हा. जोगेश्वरीला आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहायचा. हे सगळं मला त्याने सांगितलं नाही. आमच्या सातवी 'ब'तल्या स्वरदाने पाच मिनिटांत त्याच्याकडून काढून घेतलं. स्वरदा पुढे वकील होणार हे नक्की.

"आणि लग्न?" तिने शेवटी विचारलं.

"स्वरदा! वर्गात जा!"

"झालं नाही," सहदेवने उत्तर दिलं — तिला, पण बघत माझ्याकडे होता.

डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन होतं आणि भूगोलाचा कोपरा माझ्याकडे. मी सहदेवला विचारलं, मुलांना दाखवायला डोंगर आणि नदी करून द्याल का? तो आठवड्याभरात घेऊनही आला. काय देखणा डोंगर होता! कडे, घळी, पायथ्याशी निळी नदी, काठावर बोटाएवढी झाडं. मुलं खिळून बघत राहिली. मी खिडकीतली झारी उचलली आणि डोंगरमाथ्यावर धरली.

पाणी आलं, घरंगळलं, फरशीवर गेलं. डोंगर जसाच्या तसा.

"काय करताय काय?" सहदेव ओरडला.

"काहीच झालं नाही याला."

"होणार कसं? माझे डोंगर अख्खा पावसाळा उभे राहतात!"

"तेच तर... सहदेव, खरा डोंगर असा नसतो. पाणी पडलं की तो झिजतो. त्याची माती नदी घेऊन जाते, पुढे कुठेतरी टाकते, तिथे नवीन जमीन होते. मुलांना पुस्तक वाचून वाटतं, डोंगर म्हणजे डोंगर, एकदा झाला की झाला. मला त्यांच्या डोळ्यांसमोर बदलणारा हवाय."

त्याने ओल्या कड्यावर बोटाने टकटक केलं. "म्हणजे तुम्हाला तुटणारा डोंगर पाहिजे."

"हो."

"माझ्या कामात डोंगर तुटला की शिव्या पडतात."

"मी शिव्या देणार नाही."

"मग काय द्याल?"

मी झारी इकडची तिकडे केली. "चहा," मी म्हटलं.

त्यानंतरचे अडीच महिने... काय सांगू! शनिवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सहदेवने आठ फूट लांबीचा लाकडी ट्रे केला, आत प्लास्टिक अंथरलं, एका बाजूला विटा लावून उतार दिला. आधी नुसती वाळू घातली, तर डोंगर दोन मिनिटांत सपाट. मग नुसती शाडूची माती, तर तो हलेचना. मग थोडी वाळू, थोडी शाडू, मध्ये प्लास्टरचा पातळ थर. दहा-बारा मुलं कायम भोवती. आणि वर सहदेवचा पाऊस! सेटवर पाऊस पाडतात तशी भोकांची पाइप त्याने आडवी टांगली होती. नळ सोडला की बारीक सर पडायची. ओल्या मातीचा वास सगळ्या शेडभर.

एकदा नदी मध्येच अडली. मी वाट करून द्यायला बोट पुढे केलं, तर त्याने माझं मनगट धरलं.

"बोट नाही लावायचं. ती काढेल तिचा रस्ता."

पाणी साचलं, थोडं थांबलं, मग डावीकडून हळूच वळलं आणि सुंदर नागमोडी होऊन निघालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, वळणाच्या बाहेरच्या बाजूला किनारा खातेय," मी शिकवत होते, "आणि आतल्या बाजूला वाळू टाकतेय. बाहेर झीज... आत भर..."

"बाई, तुमचा आवाज का थरथरतोय?" स्वरदाने विचारलं.

कारण मनगट अजून त्याच्या हातात होतं. त्याच्याही लक्षात आलं. सोडलं... पण लगेच नाही.

मी शिकवायला लागले की तो मुलांच्या मागे उभा राहून ऐकायचा. कधी कधी प्रश्नही विचारायचा, अगदी हात वर करून. मला वाटायचं, मुलांना हसवायला करतो.

घरी बाबांनी माझ्या चपलांमधली वाळू बघितली होती. बाबा तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले, त्यांच्या नजरेतून वाळूचा कणही सुटत नाही.

"कोण आहे मुलगा?"

"कुठला मुलगा?"

"जो दर शनिवारी असतो तो. काय करतो?"

"डोंगर करतो, बाबा."

बाबांनी चष्मा काढला. "कायमस्वरूपी?"

आणि मग प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मुख्याध्यापिका क्षमाबाई शेडमध्ये आल्या. पाइप बघितली, चिखल बघितला, कपाळाला हात लावला.

"गंधाली, शनिवारी संस्थेचे चिटणीस येतायत. हॉलची फरशी नवीन आहे. हे पाणी आणि हा राडा मुळीच चालणार नाही. तो आधीचा छान डोंगर आहे ना? तोच ठेव. नावं लिही, झालं."

"पण बाई, तो बदलत नाही..."

"नाहीच बदलला पाहिजे. आणि मे महिन्यात तुला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, एवढं ध्यानात ठेव."

मी घाबरले. खरं सांगते, घाबरलेच. संध्याकाळी सहदेव आला तेव्हा मी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, की जुनाच डोंगर ठेवायचाय, रंग जरा ताजा करून द्या.

"आणि हा?" त्याने ट्रेकडे बोट दाखवलं. "मुलांनी अडीच महिने केलेला?"

"नंतर कधीतरी दाखवू."

"तुम्हीच म्हणाला होता ना, तो डोंगर खोटा आहे म्हणून? आता साहेब येणार म्हटल्यावर खरा झाला?"

"सहदेव, नोकरी माझी जाईल, तुमची नाही! शाळेतलं तुम्हाला काय कळणार?"

बोलले आणि कळलं, काहीतरी भलतंच लागलंय त्याला. त्याचा चेहरा एकदम मिटला. "बरोबर आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "मला काय कळणार." त्याने पाइप सोडवली, गुंडाळली आणि गेला. दुसऱ्या दिवशी रंगवलेला डोंगर शिपाईमामांकडे ठेवलेला मिळाला. तो स्वतः नव्हता.

शनिवारी सकाळी मी हॉलमध्ये नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. धबधबा. घळई. त्रिभुज प्रदेश. स्वरदा शेजारी उभी होती.

"बाई, मी चिटणीसांना काय सांगू? नदी किनारा खाते म्हणून?"

"हो."

"पण ही तर खात नाही."

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, काय सांगायचं ते. हातातली 'त्रिभुज प्रदेश'ची चिठ्ठी मी टेबलावर ठेवली. घड्याळात पावणेआठ. चिटणीस दहाला येणार होते.

"सगळ्यांना बोलाव. ट्रे उचला आणि मैदानात न्या. नळाजवळ. मी आलेच."

रिक्षा करून कारखान्यात पोचले. सहदेव पाठमोरा, कसल्यातरी कमानीला ब्रश मारत होता.

"माझं चुकलं," मी दारातूनच म्हटलं. दम लागला होता, वाक्यं जुळत नव्हती. "मी घाबरले. आणि घाबरून तुम्हाला नको ते बोलले. मुलं ट्रे मैदानात नेतायत. मला पाइप द्या... नाही, पाइप नको. म्हणजे हवीच, पण तुम्ही या. तुमच्याशिवाय मला ते करायचंच नाही."

तो वळला. काही बोलणार, तेवढ्यात माझी नजर रंगाच्या डब्यांच्या फळीवर गेली. तिथे दहावीचं भूगोलाचं पुस्तक होतं. पानापानाला पेन्सिलीच्या खुणा, मध्ये खूण म्हणून पॉलिश पेपरचा तुकडा.

"हे कुणाचं? बहिणीचं?"

त्याने पुस्तक घाईघाईने उचललं आणि पाठीमागे धरलं. "नववीत शाळा सोडली मी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बाबांच्या पाठीचं दुखणं निघालं, कामाला माणूस पाहिजे होता. ऑक्टोबरात सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. मार्चमध्ये बसतोय बाहेरून. तुमचं शिकवणं मागे उभा राहून ऐकायचो ना... वाटलं, आपल्यालाही कळतंय की. पास झाल्यावर सांगणार होतो."

म्हणजे हात वर करून विचारलेले ते सगळे प्रश्न खरे होते... आणि मी काय बोलले होते त्याला! माझे डोळे भरून आले.

"रडू नका हो," तो गडबडला. "पाऊस पाडायला पाइप आहे आपल्याकडे. चला, उशीर होतोय."

दहा वाजता चिटणीस हॉलमध्ये पोचले तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. सगळी शाळा मैदानात आमच्या ट्रेभोवती. क्षमाबाई तावातावाने येताना दिसल्या, मागून पांढऱ्या पँटमधले चिटणीस. पण सहदेवने नळ सोडला होता, सर पडायला लागली होती आणि स्वरदाने बोलायला सुरुवात केली होती. आता थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं.

माथ्यावर आधी केसासारखी रेघ उमटली. दोन रेघा मिळून एक ओहोळ झाला. पाणी मातकट झालं, वळणं घेत उतरलं आणि प्लास्टरच्या थरावरून खाली कोसळलं.

"हा धबधबा!" स्वरदा ओरडली. "वरचा थर टणक आहे, खालचा मऊ. पाणी खालचा आधी खातं, वरचा नुसता अधांतरी राहतो... आणि मग... बघत राहा हां... मग..."

मैदानात चारशे पोरं, आणि आवाज फक्त पाण्याचा.

टप्!

प्लास्टरची कड तुटून खाली पडली. धबधबा बोटभर मागे सरकला. काय आरडाओरडा झाला म्हणता! मुलं उड्या मारत होती, खालच्या टोकाला मातीचा पंखा पसरत चालला होता, 'जमीन झाली, नवीन जमीन झाली' म्हणून पाचवीतली पोरं नाचत होती. तेवढ्यात पाण्याचा लोंढा ट्रेची कड ओलांडून थेट चिटणिसांच्या पांढऱ्या पँटवर.

"सहदेव, नळ बंद कर! अरे, बंद कर ना!" मी किंचाळले.

तो नळ बंद करायचं सोडून माझ्याकडे बघतच राहिला. मग माझ्या लक्षात आलं, मी त्याला 'अरे' म्हटलं होतं.

चिटणिसांनी पँटकडे बघितलं. चिखलाकडे बघितलं. मग ट्रेजवळ उकिडवे बसले. "ती कड पुन्हा तुटेल का?" त्यांनी विचारलं.

"तुटेल," स्वरदा म्हणाली. "पण थांबावं लागेल."

ते थांबले. क्षमाबाईसुद्धा थांबल्या. पुढची वीस मिनिटं दोघं तिथून हलले नाहीत. जाताना क्षमाबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मैदान तूच साफ करून घे." आणि हसल्या. मला कायम करण्याचं पत्र मे महिन्यात मिळालं, पण माझ्या मते ते त्या वीस मिनिटांतच झालं होतं.

जानेवारी-फेब्रुवारीत शनिवार तसेच राहिले, फक्त मातीच्या जागी पुस्तकं आली. सहदेवचं गणित चांगलं होतं, हात मापाचा होता ना. इंग्रजीने मात्र रडवलं. आम्ही एकमेकांना 'तू' म्हणायला लागलो होतो. बाकी जे बोलायचं होतं, ते कुणीच बोलत नव्हतं. त्याने ते परीक्षेच्या मागे ढकललं होतं आणि मी त्याला घाई करायची नाही असं ठरवलं होतं. ठरवलं होतं... पण जड जात होतं.

मार्चमध्ये शेवटचा पेपर, भूगोल. केंद्र अंधेरी पूर्वेच्या एका शाळेत. फाटकाबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन आईबापांचा घोळका, त्यात मी.

"तुमचा मुलगा आहे का?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"नाही, नाही!"

"भाऊ?"

"नाही..."

"मग कोण?"

"ते अजून ठरायचंय, काकू," मी म्हटलं. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि आपली बाटली माझ्यापुढे केली. "पाणी पी. घामाघूम झालीस."

घंटा झाली. पंधरा-सोळा वर्षांची पोरं धडाधड बाहेर आली, आणि त्यांच्या डोक्यांवरून वर उठून दिसणारा सहदेव. हातात पॅड, बोटांना शाई, चेहरा गंभीर.

"कसा गेला?" माझा जीव अर्धा.

"ब्राझीलने घात केला."

"सहदेव!"

"त्याचा एक नकाशा चुकला. बाकी सगळं लिहिलं." आणि मग तो गंभीर चेहरा फुटला, लख्ख हसू आलं. "सगळं लिहिलं, गंधाली! वर पुरवणी मागितली मी. पुरवणी!"

काकू टाळ्या वाजवत होत्या. आम्ही गर्दीतून बाहेर आलो, रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.

"मी ठरवलं होतं," तो शेवटी म्हणाला, "पास झालो की तुझ्या बाबांना भेटायला यायचं."

"आणि नाही झालास तर?"

"जुलैत परत बसेन. मग येईन."

"आणि तेव्हाही इंग्रजी राहिलं तर?"

"तर..." तो अडखळला. "तू थांबशील?"

"मुळीच नाही."

त्याचा चेहरा पडला. मी समोरून येणारी रिक्षा हात दाखवून थांबवली.

"निकालाचा आणि बाबांचा काय संबंध? बाबा आज घरी आहेत, आईने थालीपिठं लावलीत. चल, बस आत."

"आत्ता? अगं, या शर्टावर? हाताला शाई आहे माझ्या..."

"सहदेव, बसतोस का?"

तो बसला. गुडघ्यावर पॅड, पॅडवर दोन्ही हात, मौखिक परीक्षेला निघाल्यासारखा ताठ. मी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. त्याचं गाणं मोठ्याने चालू होतं. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा सहदेव बाहेर बघत, अगदी हळू, त्याच्या आईशी बोलतो त्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

"काय?"

"काय नाय."

"मी ऐकलं नाही. परत सांग."

"रिक्षावाले ऐकतायत."

"ऐकू देत."

तो माझ्याकडे वळला. शाईची बोटं माझ्या बोटांत आली.

"माका तू आवडतंस," तो म्हणाला. "लय आवडतंस."

"मलाही," मी म्हटलं. "सप्टेंबरपासून."

सिग्नल सुटला. पुढे रिक्षावाल्याने हात लांब करून गाण्याचा आवाज कमी केला होता.